हात लावल्याशिवाय निदान होत नाही!

ऊसतोडीचा हंगाम संपला की आमच्या कार्यालयात येणाऱ्यांची वर्दळ वाढते. कुणाला उचलीच्या पैशासाठी मुकादमाने धमकावलेले असते, कुणाचे रेशनकार्डावरचे नाव गायब झालेले असते, कुणाचा बैल फडावर दगावलेला असतो. मागच्या हंगामानंतर जामखेड तालुक्यातून असाच एक माणूस पत्नीला बरोबर घेऊन आला. वय पंचेचाळीसच्या आत. काखेत खताच्या गोणीचे पोते आणि पोत्यात कागदांचा गठ्ठा. त्याची मागणी एका वाक्याची होती.

"वकीलसाहेब, अपंगाचा दाखला काढून द्या. निराधारचा पगार चालू झाला म्हंजी बरं."

अपंगत्व कशाचे, असे आम्ही विचारले. त्याने उजवा हात टेबलावर ठेवला. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळलेले होते. कोयता मुठीत राहत नव्हता. डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटून जायची, पण त्याचा त्याला पत्ता लागत नसे. "मागून हिनं हाक मारली म्हंजी कळतंय, चप्पल मागंच राह्यली." विडीने बोट भाजले तेव्हाही त्याला कळले ते वासामुळे. वहिनी म्हणाल्या, "चुलीवरचं भगुलं चिंधीबिगर उतरवायचे. मला वाटलं, कामाचा हात हाये, सोसतो. मग एक दिवस ह्ये एवढाले फोड आले, तरी म्हणत्यात दुखत न्हाई."

आम्ही कागद पाहिले. तीन वर्षांचे कागद होते. गावातल्या डॉक्टरने ताकदीचे इंजेक्शन आणि सलाईन दिले होते. तालुक्याच्या दवाखान्यात वाताच्या गोळ्या मिळाल्या होत्या. शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात मणक्याची नस दबल्याचा संशय घेऊन एमआरआय काढला होता. तो काढायला दोघांच्या कोयत्याची उचल खर्ची पडली होती. रक्तातील साखर तपासली, ती बरोबर निघाली. मधल्या काळात देवऋषीही झाला. त्याने करणी सांगितली, भावकीतल्या एका विधवेकडे बोट दाखवले आणि कोंबडे, लिंबू, पौर्णिमेच्या वाऱ्या यात आणखी पैसे घालवायला लावले. एवढ्या सगळ्या कागदांवर 'निदान' या शब्दापुढे कुठे प्रश्नचिन्ह होते, कुठे नुसतीच रेघ.

वकिलाच्या भाषेत सांगायचे तर या माणसाला कलम न लावताच तीन वर्षांची सजा झाली होती. आरोपीला निदान आरोप तरी सांगावा लागतो. आपल्यावर कोणता आरोप आहे हे ज्याला माहीत नाही, त्याने बचाव कशाचा करायचा?

आणि आम्ही काय केले? आम्ही अर्ज भरायला घेतला. आजाराचे नाव लिहायच्या रकान्यापाशी आमचा पेन अडला. "भाऊ, आधी डॉक्टरांकडून आजाराचे नाव लिहून आणा," असे सांगून आम्ही त्याला परत पाठवले. म्हणजे ज्या चक्रातून तो बाहेर पडायला आला होता, त्याच चक्रात आम्ही त्याला पुन्हा ढकलले. आम्ही त्याचे सगळे कागद पाहिले. त्याचा हात मात्र आम्ही हातात घेतला नाही. ही कबुली आधी दिली पाहिजे, कारण या लेखाचा विषयच तो आहे.

निदान झाले ते त्याच्या वस्तीत. शेजारची एक म्हातारी, जिने तरुणपणी गावची आरोग्य कार्यकर्ती म्हणून जामखेडच्या प्रकल्पात काम केले होते, तिने त्याला एक दिवस गरम चहाची जर्मनची किटली उघड्या हाताने धरून बसलेला पाहिला. तिने त्याला जवळ बोलावले, सदरा काढायला लावला, उजेडाकडे पाठ करून उभे केले. पाठीवर खांद्याच्या खाली फिकट, कोरडा चट्टा होता. पाठीवरचा चट्टा ज्याचा त्याला दिसत नाही. तिने त्याला डोळे मिटायला सांगितले आणि पेनाच्या टोकाने आधी चांगल्या कातडीला, मग चट्ट्याला स्पर्श केला. "कुठं लागलं ते बोट ठेवून दाखव." चट्ट्यावर लागलेले त्याला दाखवता आले नाही. मग तिने कोपराच्या आतल्या बाजूची, धक्का लागला की झिणझिण्या येतात ती नस बोटांनी चाचपली. ती दोरीसारखी जाड लागली. दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या कुष्ठरोग तंत्रज्ञाने आणि डॉक्टरांनी तपासून तिच्या म्हणण्यावर शिक्कामोर्तब केले.

कुष्ठरोग. तीन वर्षे ज्याचे नाव सापडत नव्हते, ते नाव सापडायला एक बॉलपेन आणि दोन बोटे पुरली.

इथे वाचकांचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. कुष्ठरोग म्हणजे बोटे झडणे, अंग सडणे अशी आपली समजूत आहे. मुळात हा नसांचा आजार आहे. नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरने १८७३ साली याचा जंतू शोधला. हा जंतू फार सावकाश वाढतो. लागण आणि पहिले लक्षण यांत सरासरी पाच वर्षे जातात, कधी कधी वीसही जातात. तो त्वचेत आणि त्वचेजवळून जाणाऱ्या नसांमध्ये घर करतो. कोपराजवळची नस गेली की करंगळीकडची बोटे वाकतात, गुडघ्याजवळची गेली की पाऊल लोंबते, घोट्याजवळची गेली की तळपाय बधिर होतो, चेहऱ्याची गेली की डोळ्याची पापणी मिटत नाही. काही रुग्णांत तर चट्टा नसतोच, फक्त नसा बिघडतात. अशा रुग्णाचे निदान चुकणे आणखी सोपे.

मग बोटे का झडतात? वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिले की जंतू बोट खात नाही. वेदना कळत नाही म्हणून माणूस भाजतो, कापून घेतो, काटा मोडला तरी चालत राहतो, जखम चिघळते आणि बोट जाते. वेदना हा आपल्या शरीराचा पहारेकरी आहे. हा पहारेकरीच मारला गेला की घर लुटले जाते. आमच्या भाऊंचे भगुले आणि विडी याच वाटेवर होती.

हाताला, पायाला येणारी प्रत्येक बधिरता कुष्ठरोगाचीच असते असे नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. मधुमेहाने नसा बिघडतात, बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने बिघडतात, दारूने बिघडतात, मणक्यातील दाबानेही बिघडतात. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह आणि नसांचा दाह या दोन्हींनी छळले होते. १९४७-४८ च्या काळात, संविधानाच्या मसुद्याचे काम अंगावर असताना, पायांच्या वेदनांमुळे त्यांना रात्र रात्र झोप लागत नसे. मुंबईत डॉ. मालवणकरांचे उपचार त्यांना मिळाले आणि पुढे डॉ. शारदा कबीर म्हणजे माईसाहेब त्यांच्या आयुष्यात आल्या. बाबासाहेबांच्या दुखण्याला नाव होते, औषध होते, जवळ डॉक्टर होते. त्यांच्या लेकरांना ते नाव तरी वेळेवर मिळावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

आता त्या म्हातारीच्या बोटांकडे वळू. ती विद्या तिच्याकडे आली कुठून?

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य जामखेडला आले. नगर जिल्ह्याचा हा टोकाचा, दुष्काळी तालुका. डॉक्टर गावात राहत नाही आणि नर्सचे गाव ऐकत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी गावातल्याच बायांना आरोग्य कार्यकर्ती केले. त्यांतील कित्येक जणी दलित वस्तीतल्या होत्या, बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या जामखेडला प्रशिक्षणाला यायच्या, जातीपातीचा विचार न करता एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. पाण्याच्या दुष्काळात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा आरोळ्यांनी हातपंप दलित वस्तीत बसतील असे पाहिले. ज्याला पाणी हवे त्याने वस्तीत यावे. १९७९ साली या दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक जामखेड बघायला येऊ लागले.

कुष्ठरोगाच्या बाबतीत जामखेडने एक साधी गोष्ट केली. वेगळा कुष्ठरोग दवाखाना काढला नाही. खोकला, ताप, बाळंतपण यांसाठी आलेल्या रुग्णांच्याच बाकावर कुष्ठरुग्ण बसला. पूर्वी कुष्ठरोगाची वेगळी गाडी गावात आली की रुग्ण रानात लपायचे, कारण गाडी ज्याच्या दारात थांबली त्याच्या घरची सोयरीक मोडायची. गावचीच बाई चूल-मूल विचारत घरात शिरते, लेकराचे वजन करते आणि जाता जाता आईच्या दंडावरचा चट्टाही बघते, तेव्हा लपायचे कारण उरत नाही.

यातील अर्थ आपल्या वाचकांना आम्ही समजावून सांगायची गरज नाही. ज्या बाईच्या सावलीचा विटाळ मानला जात होता, तिने गावातल्या सगळ्या जातींच्या अंगाला हात लावला आणि त्या हाताने निदान केले. जिचा स्पर्श नाकारला गेला होता तिलाच स्पर्शाची परीक्षा घेता आली! कुष्ठरोगाचे निदान आजही प्रामुख्याने हातानेच होते. डॉक्टरने रुग्णाचा सदरा काढायला सांगावा, चट्ट्याला स्पर्श करून पाहावा, नस चाचपावी. आमच्या भाऊंच्या तीन वर्षांच्या प्रवासात यंत्राने त्यांच्या मणक्याचे आतून फोटो काढले, पण त्यांचा सदरा कुणी काढायला लावला नाही. घाई होती, गर्दी होती, हे आम्ही समजू शकतो. पण घामाचा वास येणाऱ्या, मळक्या कपड्यातल्या माणसाला हात लावायचा कंटाळा येणे यामागे केवळ घाई असते का? ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पददलितांच्या धम्मदीक्षेचा एक स्वतंत्र भाग लिहिला आहे. त्यात उपाली न्हावी आहे, सुणीत भंगी आहे, सोपाक आणि सुप्पिय हे अस्पृश्य आहेत आणि त्यांच्याच रांगेत सुप्रबुद्ध नावाचा कुष्ठरोगी आहे. पाली साहित्यात ही कथा 'उदान' ग्रंथात येते. राजगृहात लोक जमलेले पाहून सुप्रबुद्धाला वाटते की अन्नदान चालू असावे, म्हणून तो जवळ येतो. पाहतो तर तथागत धम्म सांगत आहेत. तो एका कडेला बसतो. तथागत सगळ्या सभेवरून नजर फिरवतात आणि सत्य समजण्याची पात्रता त्यांना कडेला बसलेल्या या माणसात दिसते. भर सभेत त्यांची नजर त्याच्यापाशी थांबली. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते दूर होऊ शकते आणि त्याचा मार्ग आहे, ही चार आर्यसत्ये म्हणजे निदानाचीच रीत नव्हे काय? त्यातली दुसरी पायरी गाळली की उरतो तो देवऋषी.

त्या देवऋषीबद्दलही कायदा बोलतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर सरकारला जाग आली आणि जादूटोणाविरोधी कायदा झाला. करणीच्या नावाने एखाद्या बाईला बदनाम करणे, लोकांना घाबरवून पैसे उकळणे हा गुन्हा आहे. भावकीतल्या त्या विधवेला तीन वर्षे कुणी हळदी-कुंकवालाच काय, पाण्यालाही विचारले नाही. निदान उशिरा होते तेव्हा शिक्षा एकट्या रुग्णाला होत नाही.

आता कुष्ठरोगाच्या कायद्याकडे पाहू. १८९८ चा लेपर्स ॲक्ट, ज्यात रुग्णाला कोंडून ठेवायची तरतूद होती, तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत आपल्या कायद्यात होते. बौद्धांनाही हिंदू विवाह कायदाच लागू असल्याने ते आपल्यालाही लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते पाच कायद्यांतून काढले. ओडिशातील एका निवडून आलेल्या नगरसेवकाचे पद कुष्ठरोगामुळे गेले आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अपात्रता वैध ठरवली, अर्थात कायदेमंडळाने याचा फेरविचार करावा असेही सुचवले. पुढे २०१८ साली त्याच न्यायालयाने पंकज सिन्हा प्रकरणात सरकारला सर्वेक्षण, जनजागृती, मोफत औषधे आणि भेदभाव थांबवणे याबद्दल सविस्तर निर्देश दिले. म्हणजे आज त्या पाच कायद्यांखाली केवळ आजाराचे नाव कळल्याने कुणाचा संसार मोडता येत नाही. 'महारोग' या जुन्या शब्दाची दहशत मात्र मनातून गेलेली नाही.

मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आम्हाला एक उणीव दिसते. त्यातील २१ प्रकारांत 'कुष्ठरोगमुक्त व्यक्ती' आहे, पण आरक्षणासारखे मोठे लाभ ४० टक्के अपंगत्वापासून पुढे सुरू होतात. म्हणजे हात वाकडा होईपर्यंत व्यवस्था वाट पाहणार आणि वाकडा झाल्यावर टक्के मोजणार. सहा महिन्यांच्या आत आलेला बधिरपणा किंवा कमजोरी योग्य औषधाने पुष्कळदा भरून निघते. तीन वर्षांनी ती तशी भरून निघत नाही. दाखला हा हक्क आहेच, पण दाखल्याची वेळ येऊ नये हा त्याच्या आधीचा हक्क आहे. कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात वेळेवर होणारे निदान येत नसेल तर त्या हक्काला अर्थ काय?

उपचाराची अडचण नाही. तीन औषधांच्या एकत्रित गोळ्यांचे पान १९८० च्या दशकापासून देशात आहे. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते, सहा किंवा बारा महिने घ्यायचे असते आणि औषध सुरू झाले की थोड्याच दिवसांत रुग्णाकडून लागण होण्याचा धोका जवळपास संपतो. तरीही जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. कारण डिसेंबर २००५ मध्ये दर १० हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण झाले म्हणून देशपातळीवर 'निर्मूलन' जाहीर झाले. आकडा खाली आला, पण त्याबरोबर शोधणाऱ्यांचे लक्षही उडाले. नव्या डॉक्टरच्या डोक्यात हा आजार राहिला नाही. २०१६ पासून घरोघरी शोधमोहिमा पुन्हा सुरू झाल्या हे चांगलेच झाले. पण आमच्या भाऊंच्या दारात आशाताई आल्या तेव्हा दाराला कुलूप होते. ते दोघे फडावर होते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वस्त्या वर्षातले निम्मे महिने रिकाम्या असतात, हे ज्या आराखड्यात नाही तो आराखडा आपल्या लोकांसाठी केलेलाच नाही.

म्हणून आमच्या मागण्या थोडक्यात अशा. शोधमोहीम ऊसतोड कामगार परतल्यावर घ्यावी आणि हंगामात ती कारखान्याच्या तळावर, कोप्यांवर न्यावी. बधिरपणाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाची त्वचा आणि नसा महागड्या तपासण्यांच्या आधी हाताने तपासाव्यात. एक रुग्ण सापडला की घरातल्या आणि शेजारच्या सर्वांची तपासणी करून त्यांना प्रतिबंधक औषध द्यावे.

सरकारकडे मागणी करून चळवळ मोकळी होत नाही. आपल्या विहारात पौर्णिमेला वंदना होते, वर्षावासात ग्रंथवाचन होते. वंदना झाल्यावर अर्धा तास काढा. आशाताईंना बोलवा. एकमेकांची पाठ बघा. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाही, हातापायाला मुंग्या, चप्पल निसटते, वस्तू हातातून पडते, यातले काहीही असेल तर सरकारी दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना न लाजता म्हणा, "साहेब, हात लावून बघा." निदान कुष्ठरोगाचे निघाले नाही तरी बिघडत नाही, खऱ्या कारणाच्या शोधाला दिशा मिळते.

आमच्या भाऊंना बारा महिन्यांचा कोर्स सुरू झाला. वहिनी आणि दोन्ही मुले तपासली, ती ठीक आहेत. वाकलेल्या बोटांसाठी शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आहे, पायाला एमसीआर रबराची चप्पल मिळाली आहे. रोज रात्री वहिनी कंदील घेऊन त्यांचे तळपाय बघतात, कुठे काटा रुतला का, कुठे फोड आला का. पायाला जे कळत नाही ते डोळ्यांनी बघायचे, असे दवाखान्यात शिकवले आहे. भाऊ त्या विधवेच्या घरी जाऊन तिची माफी मागून आले.

परवा ते पुन्हा कार्यालयात आले. या वेळी अर्जाच्या रकान्यात लिहायला नाव होते. लिहिण्याआधी आम्ही त्यांचा हात हातात घेतला, कोपराजवळची ती नस बोटांनी शोधली आणि ती कशी लागते ते शिकून घेतले. इतक्या वर्षांच्या वकिलीत हे आम्हाला आधीच शिकता आले असते.

जय भीम!